जावयाच्या नावावर खपलेला पिक्चर

आमचे जावई इंदापूरचे. स्वभावाने गरीब, कुणाच्या अध्यात ना मध्यात. पण आमच्या कन्हेरीच्या घरात त्यांनी पाय ठेवला की कुणीतरी विचारतंच, "काय पाव्हणं, यंदा कुठला भुताचा पिक्चर?" पहिल्या दिवाळसणाला नव्या बायकोला भुताचा पिक्चर दाखवणारा माणूस अशी त्यांची ख्याती आहे. सुरुवात बहुधा आमची मंडळीच, म्हणजे त्यांची सासूच, करते. जावई हसतात आणि चहा पितात. मी गोठ्याकडे बघतो.

आता वय झालं. पुढे कुठे हजेरी द्यावी लागलीच, तर निदान हे एक प्रकरण इथे मिटलेलं असावं म्हणून लिहितो. तो पिक्चर मी निवडला होता.

नव्वदीची सुरुवात असेल. लेकीचं लग्न उन्हाळ्यात झालं होतं आणि दिवाळीला दोघं आमच्याकडे आली होती. इंदापूरच्या घरात माणसं इतकी, की नवराबायकोला दोन शब्द बोलायचे तर म्हशीच्या धारा काढायच्या वेळेची वाट बघावी लागायची. म्हशीसमोर माणूस किती बोलणार? त्यामुळे लेकीने आईला एकच गोष्ट मागितली होती. बारामतीला जाऊन दोघांनी एक पिक्चर बघायचा. तेवढे तीन तास कुणी हाक मारणार नाही.

मंडळीने मला बजावलं, "दोघास्नी एसटीत बसवून द्या आन माघारी या."

"आन तिकिटं? जावयानं सोताच्या पैशानं पिक्चर बघायचा? लोक तोंडात शेण घालतील."

"मग पैसं द्या की लेकीच्या हातात."

पण दिवाळसणाला जावयाला पिक्चर दाखवतो तो सासरा, आणि दाखवायचा म्हणजे सोबत जाऊन दाखवायचा, असं माझं मत होतं. मी धुतलेला फेटा बांधला आणि एसटीत त्यांच्या पुढच्या सीटवर बसलो. तेवढी समज मला होती, असं तेव्हा वाटलं होतं.

बारामतीत दिवाळीचे दोन नवे पिक्चर लागले होते. एक प्रेमाचा. त्यातली गाणी लेक आठवडाभर भाकरी थापताना गुणगुणत होती. दुसरा भुताचा. जावई चाचरत म्हणाले, "मामा, गाण्याचा बरा हाय म्हणत्यात." लेक चपलेच्या अंगठ्याशी चाळा करत उभी राहिली. म्हणजे तिचंही तेच मत होतं.

पडद्यावर नट नटीला कवटाळणार आणि एका बाजूला लेक, एका बाजूला जावई घेऊन मी ते बघणार? मी चौकशी करून येतो म्हणालो आणि टॉकीजबाहेरच्या पानवाल्याला गाठलं.

"घरच्यांसंगं बघण्यासारखा कुठला?"

"संगं कोण हाय?"

"लेक आन जावई."

त्याने मला फेट्यापासून वहाणांपर्यंत पाहिलं. "मग तुमी कशाला आलाय, आबा?"

"भुताचा कसा हाय?"

"मी बघितला न्हाय. पण भूतच हाय. ते काय झाडामागं पळत गाणी म्हणतंय व्हय?"

हे मला पटलं. लेकीला बायकांच्या खिडकीवर पाठवलं आणि भुताची तीन तिकिटं काढायला लावली. पैसे घेताना तिने माझ्याकडे एकदा पाहिलं. ती नजर मी पैसे मोजण्यात घालवली.

आत बसण्याचा प्रश्न आला. लेकीशेजारी परका पुरुष नको, म्हणून ती भिंतीकडे. जावई मानाचे, त्यांना पाय लांब करता यावेत, म्हणून ते वाटेकडच्या खुर्चीवर. इतक्या नीट रीतीने विचार केल्यावर माझ्यासाठी मधलीच खुर्ची उरली.

ते भूत बाई निघालं. तळ्यात राहायचं. मेलेल्या माणसाला इतक्या वेळा आंघोळ करावी लागते हे मला त्या दिवशी कळलं. आंघोळ झाली की पांढऱ्या ओल्या साडीत झाडामागे पळायचं आणि गाणंही म्हणायचं. पहिल्या आंघोळीला मी खोकलो. दुसरीला फेटा सारखा केला. तिसरीला शेंगदाणे आणायला उठलो आणि भूत वाळेपर्यंत बाहेर उभा राहिलो.

परत आलो तर मधल्या खुर्चीवर जावई. दोघांची डोकी जवळ होती. लेक काहीतरी सांगत होती आणि दोघंही पडद्याकडे बघत नव्हती. मी वाटेकडच्या खुर्चीवर बसू शकलो असतो. परत बाहेर जाऊन उरलेले शेंगदाणेही खाऊ शकलो असतो. मी काय केलं? म्हणालो, "पाव्हणं, तुमी कडंला बसा. हितं पाय आखडतील."

जावई सरकले. मी मध्ये बसलो. पिक्चर संपेपर्यंत लेक भिंतीकडे बघत होती. शेंगदाण्यांची पुडी दोघांपुढे धरली, कुणी हात घातला नाही.

घरी आल्यावर मंडळीने विचारलं, "भुताचा? कुणी काढलं हे?" लेक चूल सारखी करू लागली. मी तोंड उघडण्याआधीच जावई म्हणाले, "मीच म्हणलं, मामी. मला भुताचा आवडतो." मी तोंड पुन्हा मिटलं, ते इतकी वर्षं मिटलेलंच आहे.

यंदा नातीचा दिवाळसण, त्यासाठी सगळी आमच्याकडे कन्हेरीला जमली होती. आमचे जावई आता स्वतः सासरे झालेत. नातजावई जेवायला बसला तर मंडळीने त्याच्या ताटात करंजी वाढता वाढता सगळी गोष्ट पुन्हा सांगितली, आंघोळींसकट. जावई हसले आणि त्यांनी चहा मागितला. मला ते बघवेना. मी तिच्यामागे स्वयंपाकघरात गेलो.

"तो पिक्चर त्यांनी न्हवता निवडला. मी निवडला हुता. खुर्चीवरनं पण मीच उठवलं त्यास्नी."

ती कपबशा मांडत राहिली. "म्हाईत हाय. लेकीनं त्याच रातीला सांगितलं रडून."

"मग इतकी वरसं बिचाऱ्याला टोमणं कशाला मारती?"

"त्यास्नी कोण मारतंय? त्यास्नी लेकीनं तवाच सांगून ठेवलंय, आई बोलली की हसायचं आन चहा मागायचा." तिने बशीत चहा ओतला आणि माझ्यापुढे सरकवला. "टोमणा तुमाला कधी लागतोय ते बघत हुते."