महानंदाबाईंची टेप

महानंदाबाई आम्हाला उदगीरच्या शाळेत गणित शिकवायच्या आणि त्यांच्या गळ्यात मंगळसूत्राच्या जोडीला शिंप्याची टेप असायची. एखादी मुलगी "बाई, माझं डोकं गणिताचं न्हाई" म्हणाली, की बाई टेप काढून तिचं डोकं मोजायच्या. मग पहिल्या नंबरच्या बालाजीचं. "तुझं एकवीस इंच, ह्याचं साडेवीस. अय्यो, जागा तर तुझ्याकडंच जास्त हाय की गं!" माझं डोकं त्यांनी सात वेळा मोजलं. एवढ्या वेळा माझ्या पोलक्याचंही माप कुणी घेतलं नव्हतं.

तेव्हा दहावीला वरचं गणित आणि सोपं गणित अशा दोन वाटा होत्या. मुलींनी सोपं घ्यायचं, ही रीतच. आमचे बाबा म्हणायचे, "भाकरी गोल येतीय तिची. लई झालं गणित." खरं सांगू? मलाही सुटल्यासारखंच वाटायचं.

दुष्काळाचं वर्ष होतं. गल्लीत दोन दिवसांआड टँकर यायचा. घरटी एक ड्रम पाणी, पण कुणाचा ड्रम केवढा, कुणाचा केवढा. त्यामुळे दर खेपेला मारामारी. बाईंनी आम्हा मुलींना कामाला लावलं: प्रत्येक ड्रम मोजायचा आणि सगळ्यांना सारखं पाणी येईल तिथं गेरूची रेघ मारायची. "आतून मोजा गं, पाणी काय बाहेर राहतंय?" म्हणून मी आमच्या ड्रमात उतरले. तेवढ्यात टँकर आला आणि क्लीनरनं न बघताच आत पाइप सोडला. मी अशी बोंबलले की अख्खी गल्ली धावली.

चिंब अंगानंच मी हिशेब केला. आमची रेघ ड्रमाच्या निम्म्याखाली आली. म्हणजे आजवर आम्ही शेजाऱ्यांच्या दुपटीहून जास्त पाणी नेत होतो! गल्ली बाबांवर तुटून पडली. बाबा ओरडले, "पोरीचं गणित हाय ते, चुकलंच असंल!"

"न्हाई बाबा, बरोबर हाय," मी कुडकुडत म्हणाले. "पुन्हा मोजू का?"

उत्तर बरोबर आहे हे मला आयुष्यात पहिल्यांदाच कुणी तपासायच्या आधी माहीत होतं. काय गंमत वाटली म्हणून सांगू! वरच्या गणिताच्या फॉर्मवर बाबांनी आठवड्यानं सही केली, तीही तोंड फिरवून.

त्या वर्षी अकरा मुली वरच्या गणिताला बसल्या. सहा नापास झाल्या, त्यांत मी. "सांगितलं व्हतं" म्हणायला बाबा तोंड उघडतात, तोच बाई पेढे घेऊन दारात. "शाळेत पहिल्यांदा पोरी वरच्या गणितात नापास झाल्यात! आजवर बसतच नव्हत्या, तर नापास कुठून व्हतील? घ्या, तोंड गोड करा!" बाबांच्या उघड्या तोंडात पेढा गेला आणि बोलणं राहून गेलं.

ऑक्टोबरात मी पास झाले. पण तोवर लातूर जिल्हा नवा झाला होता आणि शिक्षकांच्या वाटणीत बाई पलीकडच्या जिल्ह्यात गेल्या होत्या. निकाल दाखवायला बाईच नाहीत, म्हणून मी ढसाढसा रडले. मग कार्ड टाकलं: "बाई, पस्तीस मार्क पडले."

उलट टपाली एका ओळीचं उत्तर आलं.

"बाकीचे पासष्ट कुठं सांडून आलीस?"