नावांसाठी सोडायची जागा

दगडात अक्षरं कोरता कोरता आबांचे केस पांढरे झाले, पण राग अजून नाकाच्या शेंड्यावरच होता. एके दिवशी सरकारी कारकून पुरुषभर उंच शिळा आणि राष्ट्रप्रमुखांचं वाक्य घेऊन आला: 'आम्हाला शांतता हवी आहे, पण कर्तव्य म्हणून लढावं लागलं, तर लढू.'

"हे वर बारीक अक्षरांत कोरा. खाली जागा सोडा," कारकून म्हणाला.

"कशाला?"

"शहिदांच्या नावांना. शंभर तरी मावली पाहिजेत."

"अरे, लढाई कुठे सुरू झालीय?"

"तयारी नको का, आबा?"

आबांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्यांचा नातू गेल्याच महिन्यात सैन्यात भरती झाला होता. त्यांनी खडू उचलला, नेहमीसारखी आधी अक्षरं आखली आणि पंधरा दिवस दातओठ खात छिन्नी चालवली.

शिळा न्यायला आलेला कारकून बघतच राहिला. एकेक अक्षर वीतभर होतं आणि शेवटचा शब्द पार तळाला टेकला होता.

"अहो, नावं कुठे घालायची?"

आबांनी छिन्नी आपटली. "जागा संपली! सांग तुझ्या प्रमुखांना, आता एकही पोर मरता कामा नये."