बसायचं राहिलं होतं

गेल्या वर्षी याच दिवशी मी शववाहिनी खाली ताटकळत ठेवली होती.

ड्रायव्हरने दोनदा हॉर्न वाजवला. तरी.

त्या दिवशी आमच्या घरी आलेल्या काही जणांना वाटलं, मीनल बिथरली. कारण सांगायच्या स्थितीत मी नव्हते. आज सांगते.

सुहास रिटायर झाल्यावर आम्ही दोघं रशियाला गेलो होतो. रेल्वेने सायबेरिया पार करायचा, हे त्यांचं कॉलेजपासूनचं वेड.

वाटेत इर्कुत्स्कला एक मुक्काम होता. फक्त एक रात्र.

सगळे विचारतात, "बैकाल सरोवर कसं होतं?"

पाहिलंच नाही. ट्रेनमधलं काहीतरी बाधलं आणि सुहास दिवसभर पडून होते. मी खिडकीतून समोरची लाकडी घरं आणि पिवळी झाडं पाहिली. एवढंच आमचं इर्कुत्स्क.

आणि गालिनाबाई.

त्यांच्या फ्लॅटमधली एक खोली आम्ही घेतली होती. माझ्या आईच्या वयाच्या. त्यांना इंग्लिश येत नव्हतं, आम्हाला रशियन. तरी त्यांनी सुहासना मऊ खिमट करून घातलं, आणि ते सगळं संपेपर्यंत समोरून हलल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी निघताना टॅक्सी खाली आलेली. बूट घालून आम्ही दारात उभे. तेवढ्यात बाईंनी हात आडवा केला. स्वतः स्टुलावर बसल्या आणि आम्हाला बॅगांवर बसायची खूण केली.

"आता काय? पुन्हा चहा?" सुहास वैतागले. "मीनल, ट्रेन चुकणार आपली!"

"अहो, बसा."

बसले. तोंड वाकडं करून, पण बसले.

कॉन्व्हेंट शाळेत सिस्टर "सिट स्टिल, गर्ल्स" म्हणून थकल्या, मला कधी जमलं नव्हतं. त्या दारात जमलं.

मग सुहास एकदम उठले, आत गेले आणि खिडकीत राहिलेल्या बीपीच्या गोळ्या घेऊन आले.

बाई हसल्या. मोबाईलमध्ये काहीतरी बोलल्या आणि त्याचं इंग्लिश भाषांतर आमच्यापुढे धरलं. प्रवासाला निघण्याआधी घरातल्या सगळ्यांनी मिनिटभर बसायचं. जाणाऱ्यानेही, राहणाऱ्यानेही.

टॅक्सीत सुहास म्हणाले, "आपल्याकडे हातावर दही देतात. पण ते चाटत माणूस पळतच असतो. हे जास्त सायंटिफिक आहे."

ट्रेन मिळाली. आरामात.

पुण्यात आल्यावर मला वाटलं, चार दिवसांत विसरतील. छे!

धायरीला नणंदेकडे जायचं, बसा. आंब्याची पेटी आणायला मार्केट यार्डात जायचं, बसा.

खाली रिक्षा उभी असायची आणि हे चपला घालून सोफ्यावर.

"अहो, चला ना!"

"सायबेरियात ट्रेन थांबते, मार्केट यार्डातला आंबा नाही थांबणार?"

मी करवादायचे. आणि शेजारी बसायचे.

त्या सकाळी त्यांना श्वास घेता येईना. अॅम्ब्युलन्स लगेच आली, हे नशीब. तिच्यातल्या मुलांनी त्यांना भराभर स्ट्रेचरवर घेतलं. दारातून बाहेर पडताना त्यांनी मास्क जरा बाजूला केला.

"मीनल, बसायचं राहिलं."

"परत आलो की बसू," मी म्हटलं.

हॉस्पिटलमध्ये पोचल्यावर ते पुन्हा बोलले नाहीत.

दुपारी त्यांना घरी आणलं. हॉलमध्ये ठेवलं. सगळं उरकलं, माणसं उचलायला पुढे झाली, आणि मी म्हटलं, "थांबा. सगळे बसा."

माझे दीर, दिलीपभावजी, हळूच म्हणाले, "वहिनी, गाडी आलीये खाली."

"असू दे. तुम्हीही बसा."

मग त्यांना आठवलं असावं. मोठ्या भावाने त्यांनाही किती वेळा असं बसवलं होतं. ते खाली फरशीवर बसले. त्यांच्यामागे सगळे बसले. वॉचमनकाका दारातच टेकले.

मी सुहासच्या शेजारी बसले. नेहमीच्या बाजूला.

खालून दोनदा हॉर्न वाजला. कुणी हललं नाही.

मग मी उठले आणि म्हटलं, "चला."

आज वर्ष झालं. फोटोला हार घातलाय, पण हार त्यांना कधीच आवडले नाहीत. तुम्हाला त्यांच्यासाठी काही करावंसं वाटलंच, तर आज घरातून निघताना मिनिटभर बसा.

सुहास, आपलं बसून झालंय. सावकाश जा.