अर्धा सूर वर

डायलिसिसच्या त्या खोलीत पाच खुर्च्या होत्या, पाच यंत्रं होती आणि कुणी बघत नसे असा एक जुना टीव्ही. खिडकीजवळच्या खुर्चीवर बसणाऱ्या गृहस्थांना सगळे नकाशेकाका म्हणायचे, कारण त्यांची उभी हयात एका बांधकाम कंपनीत इमारतींचे नकाशे काढण्यात गेली होती. निवृत्त होऊन जरा हातपाय पसरतात न पसरतात तोच त्यांच्या मूत्रपिंडांनी हात टेकले. तेव्हापासून आठवड्यातून तीनदा, चार-चार तास, ते तिथे बसत. डाव्या हातात दोन सुया. एकीतून रक्त यंत्रात जायचं, दुसरीतून धुऊन परत यायचं.

सुया टोचायचं आणि यंत्रांवर नजर ठेवायचं काम ताईचं. ती तिथली तंत्रज्ञ. वयाने बहुतेकांच्या मुलीसारखी, पण तिला ताई म्हणत सगळेच. बाकीचे पेशंट कुरकुर करत, घोरत, सुनांच्या कागाळ्या सांगत. काका मात्र छताकडे बघत बसायचे, आणि त्या गप्प बसण्याचीच तिला काळजी वाटायची. घरी वेळ कसा जातो म्हणून तिने एकदा विचारलं, तर म्हणाले की घरी मागे गाणं चालू असतं, इथे नुसतं हे बीप-बीप.

पुढच्या खेपेला काकू, म्हणजे त्यांची बायको, एक जड कापडी पिशवी घेऊन आल्या. आत जुना घरगुती कॉम्प्युटर निघाला. पूर्वीच्या पद्धतीचा, सगळं यंत्र जाडजूड कीबोर्डच्याच पोटात. पांढरा रंग पिवळा पडलेला.

"सवत आहे माझी," पिशवी खाली ठेवत काकू म्हणाल्या. "माझ्यामागून आली आणि समोरची खोली बळकावून बसली."

काकांनी तो कोपऱ्यातल्या टीव्हीला जोडायला लावला. फ्लॉपी आत गेली, जरा वेळ घरघर झाली, आणि टीव्हीवर आकड्यांच्या चार रांगा खालून वर सरकू लागल्या. प्रत्येक रांग म्हणजे एक वाद्य, काकांनी समजावलं. कुठला सूर, कुठला आवाज, किती जोरात, ते त्या त्या आकड्यात. आवाजही त्यांनीच जमवलेले: पेल्यावर चमचा, दाराची कडी, एका मित्राच्या बासरीचा एकच सूर. तरुणपणी त्यांनी हा कॉम्प्युटर जुन्यात घेतला होता तो नकाशे काढायला शिकावं म्हणून. नकाशे काही त्यावर जमले नाहीत, गाणी जमली. मग घरी ते कागदावर रेघा ओढत आणि मागे हे चालू असायचं.

ताईला वाटलं होतं की काहीतरी खेळण्यातलं टिंगटिंग असेल. होतंही थोडंसं तसंच. पण ते कानावर बसत नव्हतं, कानाच्या कडेने जात होतं. कुठे सुरू झालं, कुठे फिरून परत आलं, कळायचं नाही. शेजारच्या खुर्चीवरच्या बाई, ज्यांनी शाळेत अख्ख्या गावाच्या दोन पिढ्यांना गणित शिकवलं होतं, त्यांनी पहिल्या दिवशी नाक मुरडलं. हे कसलं संगीत, ना आगा ना पिछा, म्हणाल्या.

"हे ऐकायचं नसतं बाई," काका म्हणाले. "नुसतं असू द्यायचं असतं."

बाईंनी असू दिलं. हळूहळू सगळ्यांनीच असू दिलं. चार तास पूर्वी अंगावर यायचे, ते आता निदान सरकू लागले. काकांनी आणखी एक केलं. यंत्राचा अलार्म वाजला की खोलीभर धस्स व्हायचं. बहुतेक वेळा कारण क्षुल्लक असायचं, कुणाचा हात वाकला, कुठे नळी दबली, पण पाची जण दचकून आपापल्या यंत्राकडे बघायचे. काकांनी आपली गाणी त्या बीपच्या सुरात बसवून आणली. मग बीप वाजलं तरी ते गाण्यातलंच वाटायचं. लोकांचं दचकणं थांबलं. ताईने मनापासून कौतुक केलं.

आणि तिथेच घात झाला. एका दुपारी ती दाराजवळच्या पेशंटच्या सुया काढत होती. सुई काढली की जागा दाबून धरावी लागते, हात सोडता येत नाही. तिची पाठ खोलीकडे होती. बाईंचं यंत्र वाजू लागलं, आणि ते बीप गाण्यात असं विरघळलं की कुणी मान वळवली नाही. तिनेही नाही. बाईंचा रक्तदाब झपाट्याने उतरत होता. ते दिसलं काकांना, कारण ते शेजारी होते. बाईंची मान कलली, ओठ पांढरे पडले. काकांनी ताईला हाक मारली, आणि उजव्या हाताने बाईंचा खांदा गदागदा हलवला.

दाराजवळच्या पेशंटला जागा स्वतःच दाबून धरायला सांगून ताई धावली. तिने बाईंचे पाय उंच केले, सलाईन सोडलं, यंत्र मंद केलं. थोड्या वेळाने बाईंनी डोळे उघडले आणि तास संपला का म्हणून विचारलं. कुणाला हसू आलं नाही. डॉक्टर आले, त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि ताईला बाजूला नेऊन चार शब्द सुनावले. ते तिने मान खाली घालून ऐकले, कारण त्यातला एकही खोटा नव्हता. संध्याकाळी काकू न्यायला आल्या तेव्हा काकांनी स्वतःच वायर काढून कॉम्प्युटर पिशवीत भरला. का, ते काकूंना कुणी सांगितलं नाही.

पुढचे काही आठवडे खोली पूर्वीसारखी झाली. काका पुन्हा छताकडे बघू लागले. ताई समजूत घालायला गेली, की चूक तिची होती, पाठ फिरवायला नको होती. ते म्हणाले की पाठ फिरवल्यावर ऐकू यावं म्हणूनच तर अलार्म असतो. तो आपणच मुका केला. गाणं परत आणा असं शेवटी म्हटलं ते बाईंनी. जीव जाता जाता राहिला तो त्यांचा, तेव्हा बोलायचा हक्कही त्यांचाच होता.

काकांनी पिशवी परत आणली, पण आवाज टीव्हीतून सोडला नाही. कानाला हेडफोन लावून, मांडीवर कीबोर्ड घेऊन, एका उजव्या हाताने ते काम करत बसले. बीप पुन्हा गाण्यात मिसळू नये म्हणून सगळी गाणी त्यांना अर्धा सूर वर सरकवायची होती. सरकवणं कॉम्प्युटर करतो, ते ताईला म्हणाले, पण सरकवलं की एखादा आवाज किरटा होतो, एखादा पातळ होतो. मग प्रत्येक ओळ ऐकून दुरुस्त करावी लागते. त्यात त्यांचे कित्येक महिने गेले. त्या महिन्यांत त्यांचं हृदयही थकत चाललं होतं. पायांवर सूज यायची, बोलताना धाप लागायची. काकू आपलं मूत्रपिंड द्यायला तयार होत्या, पण ते जुळलं नव्हतं, आणि आता तर काकांना शस्त्रक्रिया सोसणारही नव्हती.

झाल्यावर त्यांनी डॉक्टरांना बोलावून घेतलं. गाणं लावलं आणि ताईला आपल्याच यंत्राचा अलार्म वाजवायला सांगितला. दाताखाली खडा यावा तसा तो आवाज आला. पाची जणांच्या कपाळाला आठ्या पडल्या. काकांनी ताईला पाठ करून दाराशी उभं राहायला लावलं आणि आपला हात वाकवून अलार्म पुन्हा वाजवला. डॉक्टर थोडा वेळ ऐकत उभे राहिले. आवाज एवढाच ठेवा, म्हणाले, आणि गेले.

त्यानंतर ते गाणं त्या खोलीत काकांच्या शेवटापर्यंत वाजलं. ते घरीच गेले, झोपेत. पुढच्या खेपेला त्यांच्या खुर्चीवर दुसरा पेशंट बसला; त्या खुर्च्या रिकाम्या राहत नाहीत, यादीत वाट बघणारे असतात. ताईने त्याला सुया टोचल्या आणि त्याचा हात नीट ठेवला. मग ती कपाटामागे जाऊन रडून आली.

कॉम्प्युटर काकू घेऊन गेल्या. घर खायला उठतं म्हणाल्या. पण तो सुरू कसा करायचा ते त्यांना येत नव्हतं. इतक्या वर्षांत त्यांनी त्याला कधी हात लावला नव्हता. म्हणून सुट्टीच्या दिवशी ताई त्यांच्या घरी गेली. समोरच्या खोलीत नकाशांचं मोठं टेबल तसंच होतं. तिने फ्लॉपी घातली, जी बटणं दाबायची ती काकूंच्या बोटांनीच दाबून घेतली. आकडे सरकू लागले. काकू चहा टाकायला आत गेल्या आणि लगेच बाहेर आल्या.

"हे तसं नाहीये," त्या म्हणाल्या. "घरी वाजायचं ते जरा खाली होतं. भरीव. मी आत स्वयंपाक करताना ऐकलंय ते, मला कळतं. जुनंच लाव."

ताईने पिशवीतल्या सगळ्या फ्लॉप्या एकेक करून लावून पाहिल्या. काही वाचल्याच जात नव्हत्या. ज्या चालत होत्या त्यांवर सगळी गाणी वर सरकवलेलीच होती. नव्या फ्लॉप्या आता मिळत नाहीत. काकांनी जुन्यांवरच पुसून नवं लिहिलं होतं. जुनं कुठेच ठेवलं नव्हतं. काकूंना यातलं काही माहीत नव्हतं. आजारपणात ते कानाला लावून काहीतरी करत बसायचे, एवढंच त्यांनी पाहिलं होतं.

काकू आत चहा ठेवून परत आल्या, तेव्हा ताईने त्यांना ती दुपार सांगितली. बाईंची कललेली मान, आपली फिरलेली पाठ, काहीही न वगळता. काकू टेबलाच्या कडेला हात टेकून ऐकत होत्या.

"बाई आहेत ना?" त्यांनी विचारलं.

"आहेत. काल येऊन गेल्या."

आत चहा उतू जाऊन गॅस विझल्याचा वास आला. काकू आत निघाल्या. ताई टीव्हीचा आवाज कमी करायला गेली, तर दारातून त्या म्हणाल्या, "राहू दे."