त्रेचाळीस मासे, तीन वेळा

हे बघा, हसायचं असेल तर आधीच हसून घ्या. कारण मी जे करून ठेवलंय ते ऐकल्यावर तुम्हाला माझी कीव येईल, आणि कीव मला अजिबात सहन होत नाही.

मी मूळचा जळगावचा. धरणगावच्या पुढे, तापीच्या काठावरच्या एका गावात शाळेत चित्रकला शिकवतो. एके दिवशी सरपंच लताअक्कांनी मला बोलावलं. घाटाच्या डोक्यावर ग्रामपंचायतीचं जुनं गोदाम आहे, त्याची साठ फुटी भिंत नदीकडे तोंड करून उभी. अक्का म्हणाल्या, "मास्तर, या भिंतीवर आपली तापी काढा. आत-बाहेरची बठ्ठी, सगळी! मासे, कासवं, पाखरं, झाडं. आषाढ सप्तमीला तापीमाईचा वाढदिवस, तेव्हा पडदा काढू. फक्त एक सांगते, डॉल्फिन नको."

"डॉल्फिन?"

"शेजारच्या गावाने काढलाय ना! तापीत डॉल्फिन! जो तो फोटो काढून हसतोय."

मी छाती फुगवून म्हटलं, "अक्का, माझ्या भिंतीवर एक शेपटी चुकीची दिसली तर नाव बदलीन."

नाव अजून तेच आहे. पण ते माझ्या निर्लज्जपणामुळे.

आता माझं आणि माशांचं नातं ताटापुरतं. म्हणून अक्कांनी मला धोंडूआबांकडे पाठवलं. आबा जातीचे भोई, उभा जन्म होडी आणि जाळ्यात गेला. पण दोन वर्षांपूर्वी गुडघे गेले, तेव्हापासून ओट्यावरून खाली उतरणं नाही. नजरही अधू, मोबाइलवरचं काही दिसत नाही. मी भिंतीचं सांगितलं तर म्हातारा एकदम माझा हात धरून म्हणाला, "मास्तर, भिंतवर तं भिंतवर, माले एकदाव तापी देखाडी दे रे."

तेव्हाच ठरवलं, ही भिंत आबांसाठी. बाकी गावाने काय ते बघावं.

रोज सकाळी वही घेऊन ओट्यावर जायचो. शिंगाडा माशाला मिशा किती, मरळचं डोकं कसं, वाम चिखलात कशी दडते, सगळं आबा हाताने हवेत काढून दाखवायचे. मग मी घाटावर, भिंतीला पाठ टेकून, नदीकडे बघत स्केच करायचो. पाणी बघा, लाटा बघा, वाहून जाणारं पान बघा. जसं दिसेल तसं! नक्कल न करता डोळ्याने काढणारा माणूस मी! काठाला करंज, उंबर, लव्हाळा काढला. बगळे काढले, खंड्या काढला. पाणमांजर एकच काढलं, ते अक्कांना मुंगूस वाटलं, पण ते सोडा. पाण्यात त्रेचाळीस मासे. भिंत अशी सजली की माझ्याच डोळ्यांत पाणी!

आबांना सगळं वर्णन करून सांगितलं. ते म्हणाले, "पानी कथा जाई ऱ्हायनं?"

"डावीकडे, आबा."

"आनि मासास्नं तोंड कथा शे?"

"तेही डावीकडे. झोकात चाललेत पाण्याबरोबर!"

आबा इतके हसले की खोकला आला. "अरे येडा! मासा पानीसंगे जास नही. पानीना मोरे तोंड करीसन उभा ऱ्हास. वरथून जे वाहत येस ते खास!"

आता काय करता? सप्तमीला सहा दिवस. त्रेचाळीस मासे पुसले आणि पुन्हा काढले, उजवीकडे तोंड करून. चार दिवस मी शिडीवर. घाटावर जाणारा प्रत्येक माणूस थांबून विचारायचा, "का हो मास्तर, मासे घरी काही विसरले का?"

सप्तमी आली. वाजतगाजत माईला साडी नेसवली, ओटी भरली. प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून चौघांनी आबांना उचलून आणलं, ते थेट भिंतीसमोर. दोन वर्षांनी म्हातारा घाटावर आला होता. नवं धोतर, नवी टोपी. मी पडद्याची दोरी तीनदा तपासली. मुख्यमंत्री आले असते तरी एकदाच तपासली असती.

अक्कांनी पडदा ओढला. टाळ्या! शिट्ट्या!

आबांनी डोळे बारीक केले.

अगदी जवळ खुर्ची सरकवायला लावली. भिंतीला नाक लागेल इतके पुढे वाकून डावीकडून उजवीकडे बघितलं, मग उजवीकडून डावीकडे. शेवटी हळूच म्हणाले, "मास्तर, हाई कोनती नदी शे?"

"आबा, आपली तापी!"

मागे वळूनसुद्धा न बघता त्यांनी पाठीमागच्या नदीकडे हात केला. "तापी तं सुरतले जास. तुनी तं भुसावळले चालनी!"

मी चिडलो. खरंच चिडलो. "आबा, मी इथंच बसून, बघून बघून काढलंय! पाणी डावीकडेच जातं!"

"काढताना तुनी पाठ कथी व्हती?"

"भिंतीकडे."

"आनि आते कथी शे?"

मी उभा होतो नदीकडे पाठ करून. भिंत बघणारा प्रत्येक माणूस तसाच उभा राहणार. डावं ते उजवं, उजवं ते डावं. साठ फूट नदी मी उलटी वाहवली होती!

सगळा घाट हसत होता. मी मात्र आबांकडे बघत होतो. त्यांची दोन वर्षांची वाट आणि मी त्यांना हे दाखवलं! वाटलं, पाठीमागच्या पाण्यात जाऊन बसावं. तेवढ्यात अक्का म्हणाल्या, "राहू द्या हो मास्तर! वाढदिवसाला माय माहेरी निघालीय असं समजू." तेव्हा कुठे आबांच्या चेहऱ्यावर हसू आलं.

दोन दिवसांत पाणी सुरतेकडे वळवलं. लाटा, फेस, वाहतं पान, सगळं. मागे सरकून ऐटीत बघितलं आणि मटकन खाली बसलो.

मासे! पाणी उजवीकडे आणि सगळे मासे पण उजवीकडे!

धावत ओट्यावर गेलो. आबा शांतपणे म्हणाले, "पहिले कथा व्हतात?"

"डावीकडे."

"मंग पहिलेच बराबर व्हतात ना रे."

"पण तुम्हीच फिरवायला लावलेत!"

"तूच तं सांगं व्हतं, पानी डावीकडे जास म्हनीसन!"

त्रेचाळीस मासे तिसऱ्यांदा काढले. पुन्हा खुर्ची आली. या वेळी आबांनी वामवरून बोट फिरवलं, शिंगाड्याच्या मिशा मोजल्या आणि वाहत्या पानामागे बोट सुरतेपर्यंत नेलं. मला तो म्हातारा फार आवडतो, आणि ते सांगायला मला लाज वाटत नाही.

लाज वाटते ती दुसऱ्याच गोष्टीची. मी चित्रकला शिकवतो म्हणालो ना? ते अर्धंच सांगितलं. शाळेत माणसं कमी, म्हणून गेली अकरा वर्षं भूगोलही माझ्याकडेच आहे. दर वर्षी चाचणीत मी एक प्रश्न हमखास घालतो: पश्चिमेकडे वाहणाऱ्या दोन नद्यांची नावे लिहा.

यंदाही घातला. एका मुलीने लिहिलं, "नर्मदा आणि तापी (सरांची सोडून)."

दोन्ही गुण दिले. काय करणार, उत्तर बरोबर होतं!