कळलं म्हणू नका, सांगा

परुळेकरबाईंकडे कागद टाइप करून घ्यायला आलेल्या माणसाला आधी परीक्षा द्यावी लागे. नवघरच्या आमच्या गाळ्यात अर्ध्या भागात माझं झेरॉक्स मशीन आणि अर्ध्यात त्यांचा कॉम्प्युटर. वकिलाने दिलेला मसुदा हातात घेऊन त्या विचारत, "यात काय लिहिलंय?" समोरचा म्हणे, "कळलंय मला." त्यावर बाईंचं ठरलेलं वाक्य, "कळलं म्हणू नका, सांगा."

"मॅडम, जल्दी है," असं कुणी म्हटलं, की त्या खुर्ची पुढे सरकवत. "जल्दी है तो बैठके सुनो." मग कुलमुखत्यारपत्राचा अर्थ सांगत, "आपके नाम से दूसरा सही करेगा, और भुगतोगे आप." निम्मी गिऱ्हाइकं कंटाळून पलीकडच्या दुकानात जायची, त्यांच्याबरोबर माझं झेरॉक्सचं कामही जायचं. मी चिडायचो. बाई शांतपणे चष्मा पुसत बसायच्या.

एकदा वरसाव्याचा काशिनाथ आपल्या विधवा बहिणीला, हिराबाईला घेऊन आला. हक्कसोडपत्र करायचं होतं. हिराबाई माहेरच्या घरात मागच्या खोलीत राहायची. बाईंनी तिलाच विचारलं, कागदात काय आहे?

"मना काय ठावं? भाऊ बोलला, सही कर. त्याचं नाव लागंल."

"आणि तुमचं?"

हिराबाईने भावाकडे पाहिलं.

"हक्कसोड म्हणजे घरातला आपला वाटा सोडून दिला," बाई म्हणाल्या. "ती खोलीसुद्धा. उद्या कुणी बाहेर काढलं, तर हा कागद तुमच्या बाजूने बोलणार नाही. मनापासून सोडायचा असेल तर खुशाल सोडा, पण समजून सोडा."

"तुमी टायपिस्ट हाव का वकील?" काशिनाथ भडकला.

"टायपिस्ट. बरं, तुम्ही सांगा, यात काय लिहिलंय?"

त्याने बाईंच्या हातून कागद घेतला आणि उलटसुलट करून पाहिला. त्यालाही ठाऊक नव्हतं! एकच नाव असलं की घराच्या दुरुस्तीचं काम सोपं होतं, असं कुण्या एजंटाने सांगितलं, एवढ्यावर स्वारी निघाली होती.

"खोली न्हाय सोडनार मी," हिराबाई हळूच म्हणाली.

आता गाळ्यात महाभारत होणार, असं मला वाटलं. पण काशिनाथने कागदाची घडी करून खिशात घातली आणि बहिणीला घेऊन गेला. पंधरा दिवसांनी दोघं वाटणीपत्राचा मसुदा घेऊन आली. बाईंनी विचारायच्या आत हिराबाई घडाघडा बोलली, "मागची खोली माजी, पुरचं घर भावाचं, विहीर दोगांची." बाई हसून टाइप करायला बसल्या. त्या दिवशी मला त्यांचा फार अभिमान वाटला.

बाईंना जाऊन आता वर्ष होईल. कॉम्प्युटर मीच चालवतो. खरं सांगायचं तर मी कुणाला काही विचारत नव्हतो. धंदा बरा चालला होता.

गेल्या आठवड्यात काशिनाथ आला. सोबत मुलगा आणि लग्न झालेली मुलगी. मुलाने बहिणीच्या हक्कसोडपत्राचा मसुदा पुढे केला. मी टाइप करायला हात उचलला, तोच काशिनाथने कीबोर्डवर आपला पंजा ठेवला.

"बाई अशी सुरवात न्हाय करायच्या," तो मला म्हणाला आणि मुलीकडे वळला. "कललं म्हनू नको. सांग."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी उठलो आणि बाईंची खुर्ची तिच्यापुढे सरकवली. ती बसली, मसुदा जवळ ओढला आणि पहिल्या ओळीपासून मोठ्याने वाचू लागली.