गिऱ्हाइकासाठी पाडलेला खांब

आमच्या घरात हॉलच्या मधोमध एक खांब होता. येणारा प्रत्येक पाहुणा चहा यायच्या आत त्या खांबावर मत देऊन मोकळा व्हायचा. मधोमध खांब चांगला नसतो म्हणे. घराची बरकत जाते म्हणे. आमचे अण्णा, म्हणजे माझे वडील, नागापूरच्या एका कारखान्यात फिटर होते. सावेडीच्या बाजूला प्लॉट घेऊन त्यांनी हा बंगला स्वतः उभं राहून बांधून घेतला. बंगला आपलं म्हणायचं. खाली तीन खोल्या, पुढे व्हरांडा आणि मागाहून वर चढवलेली एक खोली. अण्णा पाहुण्यांना तोंडावर विचारायचे, "काढतो की खांब. वरची खोली मग तुमच्या शास्त्रावर उभी राहणार का?" आमचं घर बौद्धांचं. हॉलमध्ये बुद्ध आणि बाबासाहेब. मुहूर्त, वास्तू, लिंबू-मिरची यातलं काही आमच्या दारातून आत आलं नव्हतं. निदान मी तरी तशाच समजुतीत होते.

अण्णा गेले. मी लग्न होऊन गावातच, शाळेत शिकवते. धाकटा भाऊ पुण्यात, कंपनीत. घर आईच्या नावावर आणि त्यात आई एकटी. तिचे गुडघे पार गेलेले आणि संडास-बाथरूम मागच्या अंगणात, पायऱ्या उतरून. एकदा ती त्या पायऱ्यांवर पडली. शेजारणीने उचलून आणेपर्यंत तिथेच बसून होती बिचारी. त्या दिवशी ठरवलं, आता तिच्या खोलीला लागून आतच बाथरूम करायचं.

कंत्राटदार लावला नाही. दोघं येऊन गेले होते, पण दोघांनी नुसत्या टाइल्स दाखवल्या, भिंतीचं कोणी बोलेना. म्हटलं, मीच करते. मिस्त्री रोजावर लावला, सिमेंट-वाळू मी आणली. पण आधी एका इंजिनिअरला घर दाखवलं, कारण जुन्या घरात कुठली भिंत नुसती आडोशाची आणि कुठली ओझं पेलणारी, हे आपल्याला काय कळणार? त्याने सगळ्या भिंती ठोकून बघितल्या, वर जाऊन आला, आणि म्हणाला, "मॅडम, ही बारकी भिंत खुशाल काढा. पण वरच्या खोलीची भिंत या बीमवर बसलीय आणि बीम या खांबावर. खांबाला बोट लावायचं नाही." मग विचारलं, "वरची खोली मंजूर नकाशात आहे?"

नव्हती. अण्णांनी "करू नंतर रीतसर" म्हणत चढवली होती आणि ते नंतर कधी आलंच नाही. इंजिनिअर म्हणाला, ओझं पेलणारं काहीही बदलायचं तर परवानगी लागते, आणि परवानगीला गेलात की ही खोली उघडकीला येणार. त्यापेक्षा तिकडे जायची वेळच आणू नका.

मी मिस्त्रीला बजावलं. एकदा नाही, रोज बजावलं. शेवटी शाळेतला खडू आणून खांबावर ठळक लिहिलं, हात लावू नये.

शनिवारी शाळा सकाळची. दुपारी आईकडे आले तर फाटकापर्यंत धुळीचा वास. आत पाऊल टाकलं. खांब नव्हता! जमिनीशी थोडा खुंट उरला होता, बीमखाली बांबू ठोकलेले, आणि बीमला आडवा तडा गेलेला. माझी खडूची अक्षरं असलेल्या विटा घमेल्यात भरून ठेवलेल्या. आणि त्या बीमखाली, अगदी खाली, कॉटवर माझी आई बसलेली. केस धुळीने पांढरेफटक, तोंडावर पदर. तिला उठवून बाहेर न्यायचंही कोणाला सुचलं नव्हतं. सामान मात्र व्यवस्थित झाकून ठेवलं होतं. टीव्हीवर चादर होती, माझ्या आईवर काही नाही.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मिस्त्रीवर अशी ओरडले की शेजारचे गेटवर आले. तो म्हणाला, "ताई, भाऊसाहेबांचा फोन आल्ता. ते म्हणले, पाडा, ताईंचं मी बघतो. आन आमी बांबू लावले हुते की."

बांबू लावले हुते की! रोज उन्हातान्हात मी उभी, पगार मी देते, खडूने लिहिलेलं मी, आणि पुण्यात एसीत बसलेल्या माणसाचा एक फोन माझ्यावर भारी पडला. का? तर तो मालकाचा मुलगा. मी कोण? मी त्याच मालकाची मुलगी, पण मुलगी म्हणजे "ताई", आणि ताईचं कोणीतरी बघून घ्यायचं असतं. आजही हे आठवलं की माझं डोकं फिरतं.

आईला शेजारी नेलं. इंजिनिअर धावत आला, त्याने लोखंडी जॅक मागवून बीमखाली लावले आणि घरात कोणी राहायचं नाही म्हणून सांगितलं. मग मी भावाला फोन लावला.

"अरे, तुझं डोकं ठिकाणावर आहे का?"

"ताई, ओरडू नको. मी मानत नाही गं वास्तू-बिस्तू. पण उद्या विकायला काढलं तर गिऱ्हाईक मानतं ना. एजंट म्हणाला, मधला खांब बघूनच लोक परत जातील."

"कुठला एजंट?"

"ते नंतर बोलू," म्हणत त्याने फोन ठेवला.

त्या क्षणी मला रडू आलं नाही, आलं असतं तर बरं झालं असतं. अण्णांच्या घरातला खांब पाडला, आणि तो तरी कशावर श्रद्धा आहे म्हणून? तेही नाही! श्रद्धा उद्याच्या गिऱ्हाइकाची. ज्याचा अजून पत्ता नाही, तोंड पाहिलेलं नाही, त्या उपटसुंभाच्या समजुतीखातर माझ्या जिवंत आईच्या डोक्यावरचा आधार काढला. अंधश्रद्धाळू माणूस परवडला. तो निदान स्वतः तरी घाबरतो.

इंजिनिअरने सांगितलं, पायापासून नवा कॉलम घ्यायचा आणि वरची खोली उतरवायची, रीतसर अर्ज करून. भावाचं म्हणणं वेगळं. खांबाऐवजी एक लोखंडी गर्डर आडवा टाकायचा, खालून पीओपीचं सिलिंग करायचं, तडा झाकला जातो, कोणाला काही कळत नाही. मी इंजिनिअरला विचारलं, चालेल का? तो म्हणाला, गर्डरची टोकं ज्या जुन्या भिंतींवर बसणार त्या तेवढं ओझं घेणार नाहीत. कधी खचतील सांगता येत नाही, पण खचतील. हे मी भावाला शब्दन् शब्द सांगितलं. त्यावर हा शहाणा म्हणतो, "इंजिनिअर लोक घाबरवतातच. आणि वरची खोली माझ्या वाट्याची आहे, अण्णाच म्हणायचे. माझीच खोली पाडायला निघालीस होय?"

घ्या! पाडापाडी त्याने केली आणि पाडणारी मी ठरले.

परवानगीच्या ऑफिसात गेले तर टेबलामागचा माणूस कागद वाचून माझ्याकडे बघतच राहिला. "मॅडम, स्वतःच्याच घराची अनधिकृत खोली स्वतःच सांगताय?" म्हटलं, हो, सांगतेय, कारण खाली माझी आई झोपणार आहे. तो म्हणाला, मग सही मालकाची लागेल. मालक, म्हणजे आई.

आणि मला खरी भीती तिचीच होती. मुलापुढे ती कायम विरघळते. मी अर्ज घेऊन शेजारणीकडे गेले तर आई मलाच म्हणाली, "तू लई ताणतीस बग. पोरगं हाय, चुकलं आसंल." मी म्हटलं, "आई, तू त्या कॉटवर होतीस. एखादा बांबू सरकला असता तर?" ती अर्ज हातात घेऊन उलटसुलट बघत राहिली. मग म्हणाली, "फोन लाव त्याला."

लावला. स्पीकर चालू केला. हा सुरूच झाला, "आई, तू सही करू नको. मी रविवारी येतो, सगळं नीट समजावतो तुला."

"ते ऱ्हाऊ दे," आई म्हणाली. "मला येक सांग. गिऱ्हाईक घर बगाया आलं आसतं, तवा मला कुटं बसवनार हुतास?"

"आई, तसं नव्हतं गं."

"मग कसं हुतं?"

फोन कानाशी धरायची गरज नव्हती, तरी आईने उचलून कानाशी धरला आणि वाट बघत बसली. मग तिने फोन माझ्याकडे दिला, पदराने डोळे पुसले आणि म्हणाली, "सही कुटं करायची, दाव."